पिक्चर आधी बघितला, आता पुस्तक वाचू का?

पत्र असं आहे:

'ताई, मी निपाणी भागातला. साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला आहे. हंगाम संपल्यावर मित्राच्या खोलीवर "द शायनिंग" हा जुना इंग्रजी पिक्चर बघितला. नंतर काही रात्री झोप नीट लागली नाही. तो स्टीफन किंगच्या कादंबरीवर आहे असं कळलं. पुस्तक मागवायचं म्हणतोय, तर मित्र म्हणतो, "शेवट ठावं हाय की, मग पुस्तक कशाला आणि?" धारप, मतकरी वाचलेत, पण शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कादंबरी कधी पुरी केलेली नाही. अजून एक. आमचे बाबा पूर्वी प्यायचे. आता सोडलीय, बरीच वर्षं झाली. पिक्चरमधल्या भुतांपेक्षा तो बाप टाइपरायटरवरून मान वर करून बायकोकडं बघतो, त्याचीच मला जास्त भीती वाटली. असलं पुस्तक घरात आणू का? आणि रात्री वाचू की दिवसा?'

भावा, पुस्तक आण. घाईत असशील तर एवढं उत्तर पुरे. नसशील तर बस जरा, कारण तुझ्या पत्रात चार प्रश्न एकमेकांत गुंतलेत आणि त्यातला सगळ्यात मोठा तू 'अजून एक' म्हणून गुपचूप सरकवला आहेस.

ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांच्यासाठी एवढंच: जॅक टॉरन्स नावाचा दारू सोडलेला माणूस हिवाळाभर बंद राहणाऱ्या एका हॉटेलचा रखवालदार होतो, बायको वेंडी आणि लहानग्या डॅनीला घेऊन तिथं राहतो, आणि हळूहळू बिघडत जातो. आता मित्राचं आधी निकालात काढू. तुम्हा दोघांना ठावं आहे तो पिक्चरचा शेवट. कादंबरी जानेवारी १९७७ ची, पिक्चर मे १९८० चा. मधल्या काळात दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक आणि त्याच्याबरोबर पटकथा लिहिणारी डायन जॉन्सन यांनी गोष्टीची अशी काही उलथापालथ केली की शेवट तर सोडच, मधलंही कितीतरी बदललं. तू बघितलेला झुडपांचा चक्रव्यूह पुस्तकात नाहीच. तिथं बागेत झुडपं कातरून केलेले प्राणी आहेत, सिंह, ससा, कुत्रा, आणि आपण नजर काढली की ते जागचे हललेले असतात. कुऱ्हाड नाही, क्रोकेसारख्या एका खेळाचा लाकडी हातोडा आहे. लिफ्टमधून रक्ताचा लोंढा येत नाही. एकच वाक्य टाइप केलेल्या कागदांची ती चळत नाही. आधीच्या रखवालदाराच्या दोन मुलींचा उल्लेख आहे, पण त्या जुळ्या नाहीत आणि हात धरून समोर उभ्याही राहत नाहीत. डॅनीला जायची बंदी असलेल्या त्या खोलीचा नंबरसुद्धा वेगळा: पुस्तकात २१७, पिक्चरमध्ये २३७. त्याचं कारण गमतीचं आहे. हॉटेलची बाहेरची दृश्यं ओरेगनमधल्या टिंबरलाइन लॉज या खऱ्याखुऱ्या हॉटेलची. तिथल्या मंडळींना धास्ती, की पिक्चर बघून २१७ मध्ये कुणी उतरायला तयार होणार नाही. म्हणून त्यांच्याकडं नसलेला नंबर घातला. आणि तो स्वयंपाकी हॅलोरन. पिक्चरमध्ये त्याचं जे झालं तेच पुस्तकात होणार असं धरून चालू नकोस. शेवटाबद्दल माझ्याकडून याहून जास्त निघणार नाही.

याचा अर्थ पिक्चर टाकाऊ असा नाही हं. डॅनी ती तीनचाकी सायकल घेऊन रिकाम्या हॉटेलात फिरतो, चाकं लाकडी फरशीवर आली की खडखडतात, गालिच्यावर गेली की एकदम गप्प, परत खडखड. त्या आवाजानं जे काम केलंय ते कुठल्याही लेखकाला शब्दांत जमणार नाही. पण खुद्द किंगला हा पिक्चर कधी पटला नाही. त्याची तक्रार अशी, की गाडी दिसायला देखणी आहे, आत इंजिन नाही. जॅकचं काम करणारा नट जॅक निकल्सन नोकरीच्या पहिल्या मुलाखतीपासूनच वेडाच्या काठावर उभा दिसतो, मग त्याचं पुढं काय बिघडायचं राहिलं? मला ही तक्रार बरीचशी रास्त वाटते. पिक्चरमधलं हॉटेल म्हणजे एका बिघडलेल्या माणसाला बिघडायला मिळालेली मोकळी जागा. पुस्तकातला जॅक टॉरन्स चांगला व्हायचा जिवापाड प्रयत्न करत असतो, आणि त्याचा तो प्रयत्न आपण आत बसून बघत असतो.

एक प्रसंग सांगते. हा पिक्चरमध्ये नाही आणि याच्यानं शेवट फुटत नाही.

जॅक हॉटेलच्या छपरावर चढून तक्त्या बदलतोय. उन्हाचा छान दिवस आहे, काम हाताला लागलंय, बऱ्याच दिवसांनी स्वतःबद्दल बरं वाटतंय. एक तक्ती उचकटतो तर खाली गांधीलमाश्यांचं पोळं. एक माशी डसते. तिथंच बसून तो आपल्या आयुष्याचा हिशोब मांडायला लागतो: दारू कशी लागली, शिक्षकाची नोकरी एका विद्यार्थ्याला मारल्यामुळं कशी गेली, आणि डॅनी अगदी लहान असताना त्यानं कागदांवर बिअर सांडली म्हणून रागात त्याला असं ओढलं की पोराचा हात मोडला. माणूस स्वतःला माफ करतोय की स्वतःची समजूत घालतोय, हे वाचताना आपल्याला ठरवता येत नाही. मग तो धुराचा बॉम्ब लावून सगळ्या माश्या मारतो, पोळं रिकामं झालंय याची खात्री करून घेतो आणि कौतुकानं मुलाला देतो. त्याच्या बापानं त्याला लहानपणी असंच एक दिलं होतं. डॅनी ते उशाशी ठेवून झोपतो. रात्री त्यातून माश्या बाहेर येतात.

बापानं प्रेमानं दिलेली वस्तू, बापाच्या बापाकडून आलेली, मेलीय म्हणून खात्री केलेली. या कादंबरीचा पाच भागांतला तिसरा भाग पोळ्याच्याच नावाचा आहे, तो उगाच नाही. कुब्रिकनं हा प्रसंग वगळला. तो ठेवता तर त्याला वेगळाच पिक्चर करावा लागला असता, कारण हे दाखवायचं तर आधी बाप मुलावर जीव टाकतो हे दाखवायला हवं.

आपल्याकडची भुतं बहुतेक बाहेरची. पिंपळावरचा मुंज्या, विहिरीतली हडळ, वेशीबाहेर काय ते. उंबरठा ओलांडून घरात आलं, देवापुढं दिवा लागला, की सुटलो. धारपांच्या गोष्टींतही वाईट शक्ती कुठून तरी येते आणि तिच्याशी लढणारा कुणी तरी जाणता माणूस भेटतो. आणि हो, तू किंग वाचला नाहीस असं समजू नकोस. धारपांची 'लुचाई' वाचली असशील तर ती त्याच्याच 'सालेम्स लॉट' या १९७५ च्या कादंबरीवरून बेतलेली आहे. 'द शायनिंग' ही त्याची लगेच पुढची कादंबरी. फरक असा, की इथं वाईट शक्तीला घरात शिरायला दार शोधावं लागत नाही. घरातल्याच एका माणसाच्या मनात तिला तयार दार मिळतं, आणि तो माणूस रात्री मुलाच्या अंगावर पांघरूण घालणारा आहे.

आता तुझ्या धंद्यातली गोष्ट. पिक्चरमध्ये बॉयलर येतो आणि जातो, तुझं लक्षही गेलं नसेल. पुस्तकात तो तिसऱ्याच प्रकरणात येतो. वॉटसन नावाचा शिवराळ देखभालवाला जॅकला तळघरात नेतो आणि सांगतो की याचा दाब हळूहळू चढत राहतो, रोज आठवणीनं उतरवावा लागतो, आणि याला आपोआप बंद पडायची सोय नाही. म्हणजे विसरलास तर संपलं. हे वाचून तुझं डोकं फिरणार. तुमच्याकडं बॉयलर इन्स्पेक्टर येऊन सेफ्टी व्हॉल्व्ह तपासतो, गेज ग्लासमधलं पाणी पाळीतला माणूस डोळ्यांत तेल घालून बघतो, आणि इथं अख्खं हॉटेल एका दारू सोडलेल्या, झोप उडालेल्या माणसाच्या आठवणीवर सोडून मालक मंडळी घरी जातात. बाकीचे वाचक हे प्रकरण भराभर उलटतात. तू हळू वाचशील, आणि कोण काय लपवतंय ते तुला माझ्याआधी कळेल. बॉयलरवर लक्ष ठेव, एवढंच म्हणते.

आणखी एका गोष्टीत तू पुढं आहेस. किंगला ही कादंबरी सुचली ती १९७४ मध्ये, कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क इथल्या स्टॅन्ली हॉटेलात. हंगाम संपत आलेला, हॉटेल हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या बेतात, आणि तो नि त्याची बायको जवळजवळ एकटेच पाहुणे. जेवणघरात खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. रात्री स्वप्न पडलं की आपला लहान मुलगा बोळातून ओरडत पळतोय आणि आग विझवायचा पाइप त्याच्या मागं लागलाय. तो पाइप पुढं कादंबरीतही आला. त्यांची खोली २१७. हंगाम संपलेली मोठी वास्तू म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कल्पनेनं उभं करावं लागतं. तुझ्या तर डोळ्यांपुढं आहे: उसाच्या ट्रॉल्यांची रांग नाही, भोंगा नाही, यंत्रं उघडून ठेवलेली, मळीचा वास तेवढा मागं राहिलेला, आणि पाळीला मोजकी माणसं. त्या शांततेत आपणच आपल्याशी किती बोलायला लागतो ते स्वतःलाच विचारून बघ.

आता 'अजून एक'.

पुस्तकातला जॅक कोरड्या तोंडानं डोकेदुखीच्या गोळ्या चघळतो. प्यायचा तेव्हाची सवय. दारू सुटली, सवय राहिली. सारखा रुमालानं ओठ पुसतो. त्याची बायको वेंडी हे बघते आणि काही बोलत नाही. पाच वर्षांचा डॅनी तर मनातलंच ऐकतो, त्याला आईबापाच्या डोक्यात 'घटस्फोट' हा शब्द घोंघावताना जाणवतो आणि त्याचा पुरता अर्थही कळत नाही. ज्या घरात दारू होती आणि सुटली, त्या घरातली माणसं अशीच बघतात: आज आवाज जरा चढलाय का, उशीर का झाला, गप्प का बसलेत. तुला टाइपरायटरवरून वर आलेली ती नजर भुतांपेक्षा जास्त लागली, याचं कारण तुला ठाऊक आहे म्हणूनच तू ते लिहिलंस. पुस्तकात असली पानं पिक्चरपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ती तुला लागणार. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर ताईनं सांगितलं नाही असं नको.

तरी आण म्हणते, ते का? पिक्चरनं तुला फक्त त्या बापाचा चेहरा दिला आणि तो चेहरा तुझ्या डोक्यात एकटाच फिरतोय. पुस्तक त्या चेहऱ्यामागचा माणूस देतं. त्याचा स्वतःचा बाप कसा होता, तो घरात आला की पोरं कशी चिडीचूप व्हायची, हे सगळं येतं. त्यानं जॅकचा एकही गुन्हा माफ होत नाही, पण तो राक्षस म्हणून सोडूनही देता येत नाही. आणि लिहिणारा लांबून गंमत बघणारा नव्हता. किंग त्या काळात स्वतः पीत होता. आपण या पुस्तकात स्वतःबद्दलच लिहितोय हे तेव्हा कळलंच नाही, असं त्यानं पुढं, दारू सुटल्यावर, लिहून ठेवलंय. शिवाय २०१३ मध्ये त्यानं 'डॉक्टर स्लीप' लिहिलं. त्यात डॅनी मोठा झालाय, त्यालाही दारू लागलीय, आणि ती तो सोडतो कशी, रोजच्या रोज सोडत राहतो कशी, हे त्यात आहे. पहिलं झेपलं तर दुसरं जरूर वाच. तुला कदाचित पहिल्यापेक्षा दुसऱ्याचाच उपयोग जास्त होईल.

एक मात्र करू नकोस. पान वाचायचं आणि बाबांकडं बघायचं, असं करू नकोस. जॅक टॉरन्सचं जे होतं ते किंगनं ठरवलं म्हणून होतं. तुझ्या बाबांनी जे केलं, म्हणजे सोडली आणि इतकी वर्षं हात लावला नाही, ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. पुस्तक लपवून ठेवायची गरज नाही. विचारलंच तर 'बॉयलरवाल्याची गोष्ट आहे' म्हण, खोटं होणार नाही. त्यांना वाचून दाखवायलाही जाऊ नकोस, निदान अर्धं होईपर्यंत. आणि एखादं प्रकरण वाचताना छातीत धस्स व्हायला लागलं, जुन्या रात्री आठवून हात गार पडले, तर मिटून ठेव. महिन्यानं उघड, किंवा उघडूच नकोस. पाचशेच्या आसपास पानं आहेत, ती संपवलीच पाहिजेत असं तुझ्यावर कुणाचं देणं नाही. झोप तशीच उडालेली राहिली, तर मात्र मला पत्र लिहिण्यापेक्षा बाबांशी किंवा डॉक्टरांशी बोल.

इंग्रजीचं काय. तू कन्नड पाट्या वाचत एसटीनं जातोस, घरी मराठी बोलतोस, आणि कारखान्यात बॉयलरचं मॅन्युअल इंग्रजीत बघतोस. सीमाभागातल्या माणसानं भाषेला भ्यावं हे मला पटत नाही. किंगचं इंग्रजी बोलण्यातलं आहे, पण अमेरिकेतल्या बोलण्यातलं: शिव्या, गाड्यांची नावं, औषधांची नावं, जुनी गाणी. प्रत्येक शब्दाला थांबलास तर पहिल्या प्रकरणातच राहशील. एखाद्या शब्दावाचून वाक्य अडत नसेल तर पुढं जा. मोबाईलवर ई-बुक घेतलंस तर शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो, तेही सोयीचं. एक गोष्ट मात्र आधी माहीत असू दे, नाहीतर छपाईची चूक वाटेल. वाक्य चालू असताना मध्येच तुटतं, कंसात तिरप्या अक्षरांत दोन-चार शब्द येतात, विराम नाही, काही नाही, आणि मग वाक्य परत सुरू होतं. ते त्या माणसाच्या मनात मध्येच घुसलेलं असतं. कधी त्याचं स्वतःचं, कधी दुसऱ्याच कुणाचं. सुरुवातीला त्याचा त्रास होतो, नंतर कंस दिसला की पोटात गोळा येतो.

पहिली चार-पाच प्रकरणं रेटावी लागतील हे खरं. बर्फ पडायला आणि रस्ता बंद व्हायला पुस्तकात बराच वेळ लागतो. कातरलेल्या झुडपांचे प्राणी काहींना हास्यास्पद वाटतात. मला नाही वाटले, कारण जे होतं ते लख्ख उजेडात होतं. पण १९९७ मध्ये किंगनं स्वतः पटकथा लिहून टीव्हीवर मालिका आणली, त्यात ते प्राणी पडद्यावर आले आणि भीतीची माती झाली. तेव्हा कुब्रिकनं चक्रव्यूह आणला ते एका परीनं शहाणपणाचंच. ती मालिका नाही बघितलीस तरी काही अडणार नाही.

पिक्चर आधी बघितल्याचा तोटा आहेच, तोही सांगते. आरशात उलटा दिसणारा तो शब्द तुला आधीच कळलाय, पुस्तकात तो बराच वेळ कोडं म्हणून खेळवलाय, ती मजा गेली. आणि निकल्सनच्या भुवया काही केल्या जॅकला सोडणार नाहीत. वेंडीचं सोपं आहे, पुस्तकातली वेंडी सोनेरी केसांची, आणि नुसती किंचाळणारी नाही, पुष्कळ खंबीर आहे. ती पहिल्याच पानांत वेगळी होऊन जाते. जॅकसाठी एक कर: पुस्तक संपेपर्यंत पिक्चर पुन्हा लावू नकोस, त्यातली कात्रणंही बघू नकोस. संपल्यावर मित्राला बोलावून परत बघा. तेव्हा तुला प्रत्येक दृश्यात काय गाळलंय ते दिसेल, आणि 'कशाला आणि' म्हणणाऱ्याला ते सांगताना तू थांबणार नाहीस.

रात्री की दिवसा, तर दोन्ही चालेल. मिरगाचा पाऊस लागला की घरात बसून वाचायला बरं पडतं, वीज गेली तर मिटवायला निमित्तही मिळतं. गांधीलमाश्यांचं प्रकरण आणि २१७ च्या आत जायचं प्रकरण, ही दोन मात्र मी तरी सकाळी चहाबरोबर वाच म्हणेन. हंगाम सुरू व्हायच्या आत संपवायचं बघ. नाहीच संपलं तर राहिलेलं सुट्टीच्या दिवशी घरी. पाळीवर नेऊ नकोस. तिथं गेज बघ. वॉटसन काय म्हणतो ते वाचलंस की का म्हणते ते कळेल.